असंख्येय म्हणजे किती? : बौद्ध ग्रंथांतील महासंख्यांची पडताळणी

‘असंख्य’ हा शब्द आपण दररोज वापरतो. ‘असंख्य लोक आले होते’ असे म्हणताना आपल्याला एवढेच सुचवायचे असते की, ते मोजण्याच्या पलीकडचे होते. पालि वाङ्मयातील ‘असंखेय्य’ व संस्कृतातील ‘असंख्येय’ हे शब्द मात्र काही ठिकाणी अगदी वेगळ्या अर्थाने येतात. तेथे ते एका निश्चित संख्येचे नाव आहे. एकावर एकशेचाळीस शून्ये दिली की ती संख्या तयार होते. जिच्या नावाचाच अर्थ ‘मोजता न येणारी’ असा आहे, ती संख्या प्राचीन वैयाकरणांनी मोजून आपल्या यादीत शेवटच्या स्थानावर बसविली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

धम्मग्रंथांत अशा प्रचंड संख्या आल्या की वाचकांचे सामान्यतः दोन पक्ष पडतात. एक पक्ष हात जोडतो. आधुनिक विज्ञानाला जे आज कळले ते आमच्या ग्रंथांत आधीच होते, असे तो म्हणतो. दुसरा पक्ष ही सारी पुराणातील अतिशयोक्ती आहे, असे म्हणून पान उलटतो. या दोन्ही पक्षांनी एक गोष्ट केलेली नसते. ती म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन गणित करून पाहणे. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे. त्यासाठी चौथी-पाचवीपर्यंतचा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

ललितविस्तरातील परीक्षा

बुद्धचरित्र सांगणाऱ्या संस्कृत ग्रंथांत ‘ललितविस्तर’ हा महत्त्वाचा ग्रंथ आहे. जावा बेटावरील बोरोबुदूर येथील स्तूपावर याच ग्रंथातील प्रसंग एकशेवीस शिल्पपटांत कोरलेले आहेत. युरोपात लेफमान यांनी या ग्रंथाची आवृत्ती १९०२ व १९०८ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. भारतात दरभंग्याच्या मिथिला संस्थेने ‘बौद्ध संस्कृत ग्रंथावली’ सुरू केली, तेव्हा १९५८ साली तिचा पहिला क्रमांक म्हणून ‘ललितविस्तर’ निघाला. त्याचे संपादक होते डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य. सांगलीकरांना हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. डॉ. वैद्यांनी काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन केले होते. १९१९ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबाग येथे आहे. हा रस्ता पुढे आपल्या गणितातही येणार आहे.

ग्रंथातील प्रसंग असा. शाक्य दंडपाणी आपली कन्या गोपा हिचा विवाह राजपुत्राशी लावून देण्यास सहजासहजी तयार होत नाही. राजवाड्यात सुखात वाढलेल्या तरुणाला काही विद्या-कला अवगत आहेत की नाहीत, हे त्याला पाहावयाचे असते. म्हणून लेखन, गणित, मल्लविद्या, धनुर्विद्या अशा परीक्षा होतात. गणिताच्या परीक्षेसाठी अर्जुन नावाचा गणक-महामात्र पुढे येतो. कोटीच्या पुढे शतपटीने वाढत जाणाऱ्या संख्यांची नावे तुला माहीत आहेत काय, असे तो विचारतो.

बोधिसत्त्व सांगू लागतात. शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, शंभर नियुत म्हणजे कंकर, त्यापुढे विवर, त्यापुढे अक्षोभ्य. अशी प्रत्येक पायरीवर शतपट होत होत यादी ‘तल्लक्षण’ या नावापाशी येऊन थांबते. कोटीनंतर तल्लक्षणापर्यंत तेवीस पायऱ्या आहेत. कोटीत एकावर सात शून्ये असतात. प्रत्येक पायरीला दोन शून्ये वाढतात. म्हणून तल्लक्षणात सात अधिक शेहेचाळीस, म्हणजे त्रेपन्न शून्ये येतात. त्याच हिशोबाने अक्षोभ्यात सतरा शून्ये येतात. ही सतराची संख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल. तल्लक्षणाच्या पलीकडेही ‘ध्वजाग्रवती’सारख्या आणखी गणना ग्रंथात सांगितल्या आहेत.

मोठ्या संख्यांचा हा ध्यास केवळ भारतीयांचा नव्हता. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात ग्रीक गणिती आर्किमिडीज याने सारे विश्व वाळूने भरले तर किती कण लागतील, याचा हिशोब मांडला होता. त्याचे उत्तर आजच्या लेखनपद्धतीत एकावर त्रेसष्ट शून्ये इतके येते. तेव्हा ज्याला कोणाला मोजणीची सीमा कोठे आहे हे पाहावेसे वाटले, तो या वाटेने गेला, असे म्हणणे योग्य होईल.

सात परमाणूंपासून योजनापर्यंत

मोठ्यात मोठे सांगून झाल्यावर अर्जुन लहानात लहान विचारतो. परमाणुरजाच्या गणनेत कसे शिरावे? बोधिसत्त्व उत्तर देतात ते मापांच्या साखळीने. सात परमाणूंचा एक अणू, सात अणूंची एक त्रुटी, सात त्रुटींचा एक वातायनरज, म्हणजे झरोक्यातून येणाऱ्या उन्हात दिसणारा धूलिकण. त्यापुढे सशाच्या, मेंढ्याच्या व गाईच्या अंगावरचा रज. मग लिक्षा, सर्षप, यव आणि शेवटी बोटाचे पेर. प्रत्येक पायरी सातपटीची आहे आणि अशा पायऱ्या एकूण दहा आहेत.

पेरानंतर सातपट संपते. बारा पेरांची एक वितस्ती, दोन वितस्तींचा एक हस्त, चार हस्तांचे एक धनू, हजार धनूंचा एक मागध क्रोश व चार क्रोशांचे एक योजन. यांतील बरीच मापे आपल्या घरातलीच आहेत. वितस्ती म्हणजे आपली वीत, हस्त म्हणजे हात, क्रोश म्हणजे कोस. लिक्षा म्हणजे केसातील लीख, सर्षप म्हणजे मोहरी आणि यव म्हणजे जव. ही विद्या राजवाड्यातील मानली तरी तिची मापे शेतकरी, विणकर, सुतार यांच्या हातातलीच होती.

आता हिशोब करू. सातला सातने दहा पायऱ्या गुणत गेले तर ७, ४९, ३४३, २,४०१, १६,८०७, १,१७,६४९, ८,२३,५४३, ५७,६४,८०१, ४,०३,५३,६०७ आणि शेवटी २८,२४,७५,२४९ ही संख्या येते. एका पेराच्या लांबीत एवढे परमाणू. एका योजनात पेरे किती? बारा गुणिले दोन, गुणिले चार, गुणिले एक हजार, गुणिले चार, म्हणजे ३,८४,०००. या दोहोंचा गुणाकार केला की एका योजनाच्या लांबीत ओळीने मांडलेल्या परमाणूंची संख्या मिळते :

१०,८४,७०,४९,५६,१६,०००

वाचावयाची तर ती अशी : एक कोटी आठ लाख सत्तेचाळीस हजार एकोणपन्नास कोटी, छप्पन्न लाख सोळा हजार. सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता ही संख्या मोजू लागलो तर सुमारे चौतीस लाख वर्षे लागतील. सातारा-सांगलीकडच्या वाचकांसाठी शाळूचे उदाहरण घेऊ. शाळूचा एक दाणा सरासरी तीस मिलिग्रॅमचा धरला तर एका क्विंटलच्या पोत्यात सुमारे तेहतीस लाख दाणे असतात. तीन पोती म्हणजे एक कोटी दाणे. एवढ्या एका उदाहरणावरून ‘कोटी’ डोळ्यांपुढे उभा राहतो. या हिशोबाने एका योजनातील परमाणूंइतके शाळूचे दाणे साठवायचे तर सव्वातीन कोटी क्विंटल धान्य लागेल. हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध असलेल्या हरिपुरात एके काळी जेवढी पेवे होती, ती सारी मिळूनही याला पुरी पडणार नाहीत.

या संख्येच्या अंगचे गुण

पंधरा अंकांची ही संख्या पाहताना आडदांड वाटते. पण तिची घडण अत्यंत सुबक आहे. ३,८४,००० चे मूळ अवयव पाडले तर दोन दहा वेळा, तीन एकदा व पाच तीन वेळा येतात. त्यांत सात दहा वेळा मिळविले की संपूर्ण संख्या तयार होते. म्हणजे तिच्यात केवळ २, ३, ५ व ७ हे पहिले चार मूळ अंक आहेत, पाचवा कोणताही नाही. दोन आणि सात हे दोन्ही दहा-दहा वेळा आल्यामुळे तिची मांडणी आणखी सोपी करता येते. चौदाला चौदाने दहा वेळा येईल असे गुणा आणि उत्तराला ३७५ ने गुणा. पुन्हा तीच संख्या मिळते.

तिला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती, हेही सांगता येते. प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा येतो त्यात एक मिळवून गुणाकार करावा, हा नियम आहे. अकरा गुणिले दोन, गुणिले चार, गुणिले अकरा, म्हणजे ९६८. तिच्या शेवटी शून्ये तीनच का आहेत, याचेही उत्तर अवयवांत आहे. प्रत्येक शून्याला एक दोन व एक पाच लागतो. दोन भरपूर असले तरी पाच तीनच आहेत.

गुणाकार बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे नवाचा ताळा. ३,८४,००० च्या अंकांची बेरीज पंधरा, म्हणजे सहा. २८,२४,७५,२४९ च्या अंकांची बेरीज त्रेचाळीस, म्हणजे सात. सहा सक्कं नव्हे, सहा साते बेचाळीस, म्हणजे पुन्हा सहा. उत्तराच्या अंकांची बेरीज एक्कावन्न, म्हणजे सहाच. ताळा जमला. मात्र एक सावधगिरी हवी. ताळा जमला नाही तर गणित निश्चित चुकलेले असते. जमला तर ते बरोबर असण्याची शक्यता वाढते, एवढेच. अंकांची अदलाबदल झालेली चूक नवाच्या ताळ्याला सापडत नाही.

ग्रंथातील बेरीज जुळत नाही

येथवर सारे सुरळीत झाले. आता अडचणीची जागा येते. ‘ललितविस्तरा’त बोधिसत्त्व ही साखळी सांगून थांबत नाहीत. योजनात एकूण किती परमाणू होतात, तेही ते शब्दांत सांगतात. छापील संस्कृत पाठातील त्या शब्दांची संख्या मांडली तर ती आपल्या गुणाकाराशी जुळत नाही. त्या शब्दांत आरंभीच ‘अक्षोभ्य’ येतो. ग्रंथाच्या स्वतःच्याच यादीप्रमाणे अक्षोभ्य म्हणजे एकावर सतरा शून्ये, म्हणजे अठरा अंकी संख्या. आपला गुणाकार पंधरा अंकी आहे. शेवटही जुळत नाही. ग्रंथातील संख्या बारा हजारांनी संपते, आपली सोळा हजारांनी.

यावर कोणी म्हणेल, ग्रंथात लांबी अभिप्रेत नसून योजनाचा घनपिंड अभिप्रेत असेल. ही शंका रास्त आहे. पण तिचेही उत्तर गणित देते. आपल्या संख्येच्या शेवटी तीन शून्ये आहेत. तिचा वर्ग केला तर सहा शून्ये येतील आणि घन केला तर नऊ. ग्रंथातील संख्येच्या शेवटी तीनच आहेत. आणखी एक कसोटी आहे. लांबी असो वा घनफळ, संख्या ३,८४,००० च्या पटीत असलीच पाहिजे. ज्याला ३,८४,००० ने भाग जातो त्याला ८,००० नेही जातो. शेवटी बारा हजार असलेल्या आणि लाखांच्या घरात शून्य असलेल्या संख्येची तीन शून्ये काढली की शेवटचे तीन अंक ०१२ उरतात. बाराला आठने भाग जात नाही. सबब ती संख्या ८,००० च्या पटीत नाही. सांगितलेल्या साखळीतून ती कोणत्याही रीतीने निघू शकत नाही.

मग याचा अर्थ काय लावावा? बोधिसत्त्वाला गुणाकार येत नव्हता, असा अर्थ लावणे बालिशपणाचे होईल. ग्रंथ शतकानुशतके मुखाने व हाताने एकाकडून दुसऱ्याकडे गेले. संख्यावाचक शब्दांच्या लांबलचक मालिकेत एखादे पद गळणे, एखादे जागा बदलणे, एखादे नव्याने शिरणे ही अगदी संभवनीय गोष्ट आहे. साखळी टिकली, कारण तिच्यात लय आहे आणि प्रत्येक पायरीवर ‘सात’ आहे. बेरीज बिघडली, कारण तिला लय नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नेमक्या याच प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे. बुद्धवचने लेखनिविष्ट होण्यापूर्वी भाणकांच्या पाठांतरावर अवलंबून होती, म्हणून त्यांत विपर्यास शिरला, हे त्यांनी सुत्तांचेच दाखले देऊन दाखविले. बुद्धाच्या नावावर असलेले वचन बुद्धाचे मानावे की नाही, यासाठी त्यांनी कसोट्या सांगितल्या. बुद्ध बुद्धिनिष्ठ होते, म्हणून बुद्धीला व तर्काला जे पटते ते त्यांचे मानण्यास हरकत नाही, ही त्यांतील प्रमुख कसोटी. वचनांच्या बाबतीत ही कसोटी लावताना मतभेदाला जागा राहते. संख्येच्या बाबतीत ती राहत नाही. बाराला आठने भाग जातो की नाही, यावर दोन संप्रदाय होऊ शकत नाहीत. म्हणून ग्रंथपरीक्षेची सवय लावून घेण्यासाठी गणितासारखे दुसरे साधन नाही. कालामांना दिलेल्या उपदेशात केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे सांगितले आहे. त्याचा हा छोटासा पाठच समजावा.

दुसऱ्या बाजूचा मोहही टाळला पाहिजे. पेर सुमारे दोन सेंटिमीटरचे धरले तर एक योजन साडेसात किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. सांगली-मिरज या जोडशहरांतील अंतराच्या आसपास ते येते. त्याच हिशोबाने एक परमाणू मिलिमीटरचा सुमारे एक कोटी एक्केचाळीस लाखावा भाग ठरतो. आजच्या विज्ञानाप्रमाणे हायड्रोजनचा अणू मिलिमीटरच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा असतो. आकडे जवळ आले हे पाहून प्राचीनांना अणूचा आकार ठाऊक होता, अशी घोषणा करण्याचा मोह होतो. तो आवरावा. साखळीत दहाऐवजी अकरा पायऱ्या असत्या तर उत्तर सातपटीने चुकले असते आणि पायऱ्या दहाच का, याचे कोणतेही प्रयोगसिद्ध कारण ग्रंथात दिलेले नाही. हा योगायोग आहे. त्या लोकांची थोरवी उत्तरात नाही. डोळ्यांना न दिसणारी वस्तूही दिसणाऱ्या वस्तूच्या भागाकाराने मोजता येईल, या विचारात ती आहे.

पालि परंपरेतील असंखेय्य

आता आरंभी उल्लेखिलेल्या संख्येकडे वळू. पालि व्याकरण-कोशांच्या परंपरेत कोटीच्या पुढची गणना शतपटीने न जाता कोटीपटीने जाते. कोटी, पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत, अक्खोभिणी, बिंदु, अब्बुद, निरब्बुद, अहह, अबब, अटट, सोगंधिक, उप्पल, कुमुद, पुंडरीक, पदुम, कथान, महाकथान आणि असंखेय्य. अशी ही वीस नावे. काही नावांचा क्रम ग्रंथागणिक मागेपुढे होतो. प्रत्येक पायरीला सात शून्ये वाढतात. विसाव्या पायरीला सात वीस एकशेचाळीस. दृश्य विश्वातील सर्व अणूंची संख्या आजचे खगोलशास्त्रज्ञ स्थूलमानाने एकावर ऐंशी शून्ये इतकी धरतात. असंखेय्य तिच्याही कितीतरी पलीकडे आहे.

तरीही ही संख्या आपल्याला अपरिचित राहत नाही. तिच्यात दोन एकशेचाळीस वेळा आणि पाच एकशेचाळीस वेळा येतात. म्हणून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या १४१ गुणिले १४१, म्हणजे १९,८८१ आहेत. वरील यादीत दहावे स्थान ‘अहह’चे असल्यामुळे अहहाला अहहाने गुणले की असंखेय्य येते.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. समजा यंदाची बुद्धपौर्णिमा रविवारी आली. त्या दिवसापासून बरोबर असंखेय्य दिवसांनी कोणता वार येईल? विश्व टिकेल की नाही हे सांगता येणार नाही, पण वाराचे गणित सांगता येते. दहाला सातने भागले तर बाकी ३ उरते. शंभराची २, हजाराची ६, दहा हजारांची ४, लाखाची ५, दहा लाखांची १. पुढे कोटीपासून पुन्हा ३, २, ६, ४, ५, १ हेच चक्र फिरत राहते. एकशेचाळीस शून्यांत सहा-सहांचे तेवीस फेरे पूर्ण होतात आणि दोन शून्ये उरतात. चक्रातील दुसरी बाकी २. म्हणून रविवारनंतरचा दुसरा वार, मंगळवार. तल्लक्षणाच्या त्रेपन्न शून्यांत आठ फेरे होऊन पाच उरतात, बाकी ५ येते, म्हणून तेथे शुक्रवार. जी संख्या लिहून काढायला वहीच्या चार-पाच ओळी लागतात, तिचे उत्तर सहा अंकांच्या चक्रातून मिळते.

याच यादीतील अब्बुद ते पदुम ही नावे सुत्तपिटकात निराळ्या संदर्भात येतात. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्यावर कोकालिक भिक्खूने खोटे आरोप केले. त्या प्रसंगावरील सुत्तात निरयातील आयुष्याचे माप तिळाच्या उपमेने सांगितले आहे. वीस खारी तिळांनी भरलेल्या गाडीतून शंभर वर्षांनी एक तीळ काढावा. ती गाडी रिती होईल, पण अब्बुद संपणार नाही. वीस अब्बुदांचा एक निरब्बुद आणि अशा वीसपटीच्या नऊ पायऱ्यांनंतर पदुम.

गाडीत दहा क्विंटल तीळ धरू. तिळाचा दाणा तीन मिलिग्रॅमचा धरला तर तेहतीस कोटींहून अधिक दाणे भरतात. शंभर वर्षांस एक या दराने गाडी रिती व्हायला सुमारे ३,३३३ कोटी वर्षे लागतात. विश्वाचे वय आज १,३८० कोटी वर्षे मानले जाते. वीसची नऊ पायऱ्यांची पट ५१,२०० कोटी होते. गुणाकार केला तर पदुमाची वर्षे एकावर बावीस शून्ये या घरात जातात. व्याकरणातील पदुमात मात्र एकावर एकशेएकोणीस शून्ये आहेत. दोन्हीकडे अब्बुदापासून पदुमापर्यंत पायऱ्या नऊच, पण एकीकडे वीसपट आणि दुसरीकडे कोटीपट. नाव एकच असले तरी माप एकच असेल, असे गृहीत धरू नये, हा धडा यातून मिळतो.

ही वर्षे कोणत्या भूमीवर मोजली गेली, असे विचारण्यात अर्थ नाही. निरयाचा भूगोल शिकविणे हा सुत्ताचा हेतू मानण्याचे कारण नाही. निर्दोष माणसाची निंदा किती भारी पडते, हे ऐकणाऱ्याच्या मनात ठसविण्यासाठी तिळाच्या गाडीइतके ओळखीचे माप त्या काळी दुसरे नव्हते. सुत्तातील संख्या येथे सम्यक् वाचेचे वजन सांगते.

मोजणारी माणसे

मोठ्या संख्या ग्रंथांत होत्या, तशा लहान संख्या लेण्यांत होत्या. आपल्या कऱ्हाडचे प्राचीन नाव करहाकट. मध्य प्रदेशातील भारहूत स्तूपावरील दानलेखांत करहाकट नगराच्या दानाची नोंद आहे. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात भिक्खुसंघाची लेणी आजही उभी आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा बेचाळिसाव्या वर्षाचा लेख आहे. त्यात विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापणे ठेवल्याची नोंद आहे. दर शेकडा दरमहा एक कार्षापण व्याज. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची. हिशोब करून पाहा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, तेही दोनशे चाळीस. दगडावर कोरलेला हा ताळा दोन हजार वर्षांच्या आसपास टिकून आहे. आपल्या नावाने किती ठेवले, किती मिळाले आणि ते कोणाला गेले, हे सर्वांना दिसेल असे लिहून ठेवण्याची ही रीत होती.

ती रीत पुढे बहुजनांच्या हातून गेली. सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्या कर्जाला खरोखरच ‘असंख्येय’ म्हणावे लागे. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, ते महात्मा जोतीराव फुले आणि ज्यांचा जन्म याच जिल्ह्यातील नायगावचा, त्या सावित्रीबाई यांनी अक्षरांबरोबर अंकही शूद्रातिशूद्रांच्या व स्त्रियांच्या हाती दिले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यात भीमराव रामजी या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. शाळेत त्याला स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. मुंबईच्या शाळेतील एक प्रसंगही त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. शिक्षकांनी उदाहरण सोडविण्यासाठी त्यांना फळ्याकडे बोलाविले, तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागे ठेवलेले इतर मुलांचे जेवणाचे डबे विटाळतील, ही भीती होती. डबे हलविण्यात आले आणि मगच तो मुलगा फळ्यापर्यंत जाऊ शकला.

ललितविस्तरातील राजपुत्राला गणिताच्या परीक्षेसाठी सन्मानाने बोलाविले होते. साताऱ्याहून मुंबईला गेलेल्या या विद्यार्थ्याला फळ्यापर्यंतची पाच पावले चालण्यासाठी रूढीशी झुंजावे लागले. म्हणून आपल्या विहारांतील बालवर्गांत वंदना झाल्यावर मुलांपुढे कधी तरी हेही उदाहरण ठेवावे. फळ्यावर सात लिहावा आणि दहा पायऱ्या चढावयास सांगावे. उत्तर आले की नवाचा ताळा पाहावयास सांगावे. एखादी मुलगी उठून म्हणेल की, ग्रंथातील बेरीज चुकलेली आहे. तिला खाली बसवू नये. तिने ते गणित सर्वांसमोर फळ्यावर मांडून दाखवावे.